भिंतीवरच्या सहीपासून दालनापर्यंत: आजचे चित्रकार-शिल्पकार शोधायचे कसे?

पुण्यात बघण्यासारखी चित्रं नसतात, असं म्हणणाऱ्यानं एखाद्या शनिवारी संध्याकाळी जंगली महाराज रस्त्यावरून शनिवार पेठेपर्यंत पायी जावं. बघायला भरपूर आहे, अडतं ते पुढे. चित्र आवडतं, मोबाइलवर फोटो निघतो, चार जणांना जातो आणि विषय तिथंच संपतो. चित्र कुणाचं, त्या माणसाचं आणखी काम कुठे बघायला मिळेल, सध्या तो काय करतोय, हे विचारायचं कुणाला तेच ठाऊक नसतं. मग इंस्टाग्राम जे समोर आणेल ते बघायचं आणि ज्याची रील्स चालतात तो मोठा, असं धरून चालायचं.

नावांच्या याद्या गोळा करूनही फारसं हाती लागत नाही. ‘बघायलाच हवेत असे पन्नास भारतीय कलाकार’ छापाच्या याद्या वाचल्या की नावं लक्षात राहतात, काम राहत नाही. त्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या एका कामापासून सुरुवात करा. त्यामागचा हात शोधा आणि मग त्या माणसाच्या आजूबाजूला कोण आहे ते बघा. कलाकार एकेकटे वाढत नाहीत. कॉलेज, सामायिक स्टुडिओ, दालन, क्युरेटर (प्रदर्शनातली कामं निवडून मांडणारा) अशा गोतावळ्यात वाढतात. त्यातला एक माणूस नीट सापडला की बाकीचे आपोआप दिसायला लागतात.

भिंत रंगवली कुणी?

रंगवलेली प्रत्येक भिंत म्हणजे स्ट्रीट आर्ट नव्हे. सुशोभीकरणाच्या नावाखाली रंगलेल्या बऱ्याच भिंती चौरस फुटाच्या दरानं ठेकेदाराला दिलेल्या असतात. तिथं घोषवाक्य असतं, झाड असतं, पृथ्वीचा गोल असतो आणि दोन चौक सोडून हुबेहूब तेच चित्र पुन्हा असतं. रंगवणाऱ्याचा हात कधी कधी फार तयार असतो, पण कल्पना त्याची नसते आणि नावही कुठे नसतं. कॅफे किंवा कंपनीनं करून घेतलेल्या भिंतीत चित्रकार खरा असतो, विषय मात्र बहुधा मालकाचा. माग काढायला सगळ्यांत सोयीची भिंत म्हणजे एखाद्या महोत्सवात किंवा एखाद्या गटानं वस्तीशी बोलून केलेली. पुण्यात असं काम कसबा पेठेत झालं. हर्षवर्धन कदम ‘इंकब्रशएनमी’ या नावानं काम करतात. त्यांनी सुरू केलेल्या पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्टमधून जुन्या पेठेतल्या भिंती रंगल्या. जुन्या वाड्यांच्या भिंतींचं आयुष्य बिल्डरच्या हाती असतं, तेव्हा असं काही दिसलं की ‘पुढच्या वेळी नीट बघू’ म्हणू नका.

विनापरवानगी रातोरात केलेलं काम हा आणखी एक प्रकार. 1995च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली कारवाई होऊ शकते, म्हणून ही मंडळी टोपणनावानं वावरतात. दिल्लीचा डाकू, मुंबईचा टायलर ही त्यातली गाजलेली नावं. टोपणनावामागचा माणूस उकरून काढायच्या भानगडीत पडू नये, टोपणनाव फॉलो केलं की काम भागतं.

सही शोधताना आधी उजवा खालचा कोपरा बघा, मग डावा. तिथं नाही सापडली तर चित्रातल्या आकृतीच्या कपड्याची किनार, दुकानाची पाटी, पुस्तकाचा कणा असल्या जागा तपासा. सह्या अशा ठिकाणी मुद्दाम लपवलेल्या असतात. हल्ली सहीऐवजी इंस्टाग्रामचं नाव असतं आणि शेजारी रंग पुरवणाऱ्या कंपनीचं चिन्ह. दोन्हींचा फोटो जवळून वेगळा काढा, कारण आख्ख्या भिंतीच्या फोटोत ती अक्षरं वाचता येत नाहीत. काहीच सापडलं नाही तर गूगल लेन्स लावा. पण लेन्सला आख्खी भिंत दाखवलीत तर ते इमारत ओळखत बसतं; चित्रातला चेहरा किंवा एखादी ठळक आकृती कापून तेवढीच दाखवा. तरीही जमलं नाही तर समोरचा टपरीवाला आहेच. परांची आठवडाभर त्याच्या दारात उभी होती, त्याला सगळं माहीत असतं.

भिंत बघायची ती दोनदा. आधी चित्राच्या उंचीच्या दीडपट-दुप्पट अंतरावर उभं राहा. वीस फुटी चित्र पाच फुटांवरून बघणाऱ्याला नुसता रंग दिसतो, मांडणी दिसत नाही. मग हाताच्या अंतरावर जा. रेषा एका दमात ओढली आहे की तुकड्या-तुकड्यांत जोडली आहे? स्प्रेच्या कडा जिथं हव्यात तिथं धारदार आणि जिथं हव्यात तिथं विरलेल्या आहेत का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, खिडकी, पाण्याचा पाइप, विजेची पेटी यांचं चित्रकारानं काय केलं? कच्चा चित्रकार पाइपवरून तसाच रंग ओढून पुढे जातो. तयार चित्रकार तोच पाइप मांडणीत घेतो. दिल्लीच्या लोधी कॉलनीत डाकूनं भिंतीतून काटकोनात बाहेर येणारी अक्षरं बसवली, ऊन पडलं की त्यांची सावली भिंतीवर वाचता येते आणि सूर्य सरकतो तशी ती लांबत, विरत जाते. तिथं भिंत, दिशा आणि वेळ यांच्याशिवाय चित्रच नाही. हेच चित्र कॅनव्हासवर केलं असतं तरी चाललं असतं का, हा प्रश्न प्रत्येक भिंतीला विचारावा. उत्तर ‘हो’ आलं तर ते भिंतीवरचं मोठं चित्र आहे, एवढंच.

भिंतीच्या तब्येतीवरूनही चित्रकाराची शिस्त कळते. नवा गिलावा साधारण 28 दिवस मुरू द्यावा लागतो. तोवर त्यातली खार आणि ओल वरच्या रंगाला टिकू देत नाही. जुनी भिंत असेल तर सुटलेला रंग खरवडायचा, भेगा भरायच्या, प्रायमर मारायचा आणि मगच बाहेरच्या भिंतींसाठीचा ॲक्रिलिक रंग. हे टाळलं की पहिल्याच पावसाळ्यात पांढरी पूड वर येते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. पूड म्हणजे भिंतीतल्या पाण्याबरोबर बाहेर आलेले क्षार. ते मागून रंगाला ढकलत असतात, वरून कितीही महागडं वार्निश मारलं तरी उपयोग होत नाही. दक्षिण-पश्चिमेकडच्या भिंतीवर उन्हाचा मारा जास्त. तिथं स्वस्तातले लाल-पिवळे रंग आधी उडतात, निळा-काळा मागे राहतो. म्हणून दोन-तीन पावसाळे काढलेली भिंत बघणं हे ताजी भिंत बघण्याइतकंच उपयोगाचं. आपल्याकडे नवं काम बहुतेक ऑक्टोबर ते मे या काळातच होतं, तेव्हा शोधायचं तेही तेव्हाच.

मुंबईला गेलात तर वांद्रे रेक्लमेशनजवळची एमटीएनएलची इमारत बघा. तिच्यावर 2014 साली दादासाहेब फाळके रंगले. ते काम रणजित दहिया यांचं, स्टार्ट इंडिया फाउंडेशनच्या महोत्सवातलं. याच संस्थेनं लोधी कॉलनी रंगवली आणि 2017 साली ससून डॉकवर मोठं प्रदर्शन भरवलं. त्यांच्या प्रत्येक महोत्सवातली कलाकारांची नावं जाहीर असतात. फुकटात मिळणारी याहून चांगली सुरुवात नाही. भिंती रंगवणाऱ्या अनपू वर्की, बंगळुरूचा अरावनी आर्ट प्रोजेक्ट हा तृतीयपंथी आणि इतर स्त्रियांचा गट, ही नावं तिथून पुढे सापडत जातात.

दालनाचं गणित

भिंतीपेक्षा दालन समजायला अवघड आहे. कारण दारावरची पाटी बघून आतला व्यवहार कळत नाही.

दालनं ढोबळमानानं दोन तऱ्हेची. एक भाड्याची. चित्रकार तारीख घेतो, भाडं भरतो, चित्रं स्वतः टांगतो, स्वतःच तिथं बसतो आणि आवरून जातो. महापालिकेचं बालगंधर्व कलादालन आणि घोले रस्त्यावरचं राजा रविवर्मा कलादालन या जातीचं. मुंबईतलं जहांगीरही भाड्यानंच मिळतं, मात्र तिथं अर्ज निवडून घेतात आणि तारखेसाठी काही वर्षं थांबावं लागतं. दुसरं दालन कलाकार निवडणारं. ते काही मोजक्या लोकांचं काम वर्षानुवर्षं मांडतं, त्यांच्यासाठी ग्राहक शोधतं, लेख लिहून घेतं आणि विक्रीतला हिस्सा घेतं. हा हिस्सा निम्म्यापर्यंत जातो, ऐकून दचकायला होतं. पण टांगणं, विमा, वाहतूक, छपाई हे सगळं त्यात येतं. कोरेगाव पार्कातलं विदा हैदरी कंटेम्पररी अशा प्रकारचं. भाड्याच्या जागेत झालेलं प्रदर्शन हलकं, असा अर्थ मात्र काढू नका. महाराष्ट्रातल्या बहुतेक चांगल्या चित्रकारांची पहिली प्रदर्शनं भाड्याच्या जागेतच झालेली असतात. फरक एवढाच, की तिथली निवड तुम्हाला स्वतः करावी लागते. आधी कुणी चाळणी लावलेली नसते.

भाड्याचा थेट परिणाम तुमच्या कॅलेंडरवर होतो. चित्रकाराला दिवसागणिक पैसे पडतात, म्हणून प्रदर्शन तीन ते सात दिवसांत उरकतं. निवडणाऱ्या दालनात तेच चार ते सहा आठवडे चालतं. ‘पुढच्या रविवारी जाऊ’ म्हणणारा पुणेकर अर्ध्याहून अधिक प्रदर्शनं अशीच हुकवतो. उपाय ठराविक फेरीचा. महिन्यातले दोन शनिवार ठेवून बालगंधर्व, तिथून घोले रस्ता, मग नदी ओलांडून शनिवार पेठेतलं सुदर्शन कलादालन. काय चालू आहे ते माहीत नसलं तरी जायचं. दुसरा उपाय कॉलेजांचा. अभिनव कला महाविद्यालय, भारती विद्यापीठाचं ललित कला महाविद्यालय यांची वार्षिक प्रदर्शनं चुकवू नका. तिथं शंभर कामांत नव्वद अभ्यासाची असतात आणि ते बरोबरच आहे. उरलेल्या दहांची नावं लिहून आणा. राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी आणि व्यावसायिक असे वेगळे विभाग असतात. विद्यार्थी विभागात पाहिलेलं नाव पाच-सहा वर्षांनी दुसऱ्या विभागात दिसलं तर त्याच्याकडे पुन्हा नीट बघा.

चित्राखालची पट्टी वाचायलाही शिकावं लागतं. ‘कागदावर चारकोल, 76 × 56 सेंमी, 2023’ यात आधी उंची, मग रुंदी. 76 बाय 56 हा जलरंगाच्या कागदाचा ठरलेला पूर्ण ताव. म्हणजे चित्रकारानं ताव न कापता वापरला, मोजमाप मनानं ठरवलेलं नाही. ‘मिश्र माध्यम’ एवढंच लिहिलं असेल तर काय-काय मिसळलंय ते विचारा. नीट उत्तर आलं तर बोलणं पुढे जातं. ‘कॅनव्हासवर प्रिंट’ हे चित्र नव्हे, छापील प्रत. पट्टीवर तसं लिहिलेलं नसलं आणि शंका आली तर चित्राकडे बाजूनं, तिरक्या उजेडात बघा. खऱ्या रंगाच्या थराला जाडी असते आणि ब्रशची दिशा बदलते तिथं चकाकी बदलते. छापील प्रतीत चकाकी सगळीकडे सारखी असते. वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारून प्रतीला ‘हातचं’ रूप द्यायची युक्तीही चालते. ते फटकारे खालच्या चित्रातल्या आकारांशी जुळत नाहीत, तिथं ती पकडली जाते.

भाड्याच्या दालनाची एक मोठी सोय आहे: चित्रकार समोर बसलेला असतो. ‘हे करायला किती दिवस लागले?’ हा प्रश्न त्यानं सकाळपासून तीसेक वेळा ऐकलेला असतो. तो सोडून दोन प्रश्न विचारा. ‘तुमचं याच्या आधीचं काम बघायला मिळेल का?’ आणि ‘सध्या तुम्ही कुणाचं काम बघता?’ पहिल्यातून माणूस कुठून कुठे आला ते कळतं. दुसऱ्यातून दोन-तीन नावं मिळतात, आणि चित्रकारानं सांगितलेलं नाव मोबाइलनं सुचवलेल्या वीस नावांपेक्षा भरवशाचं.

एक धागा उलगडून

ही रीत प्रत्यक्षात कशी चालते ते चित्रकार प्रभाकर पाचपुते यांच्या नावावरून बघू. जन्म 1986, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा. कोळशाच्या खाणींचा मुलूख. शिक्षण खैरागड आणि बडोद्याला, मुक्काम पुण्यात. माध्यम चारकोल, म्हणजे पुन्हा कोळसाच. त्यांच्या चित्रांत माणसाच्या डोक्याच्या जागी खाणीतलं अवजार किंवा दिवा येतो, माणूस आणि यंत्र कुठे जोडलेत ते सांगता येत नाही. अनेकदा ते थेट प्रदर्शनाच्या भिंतीवर काढतात आणि प्रदर्शन संपलं की भिंत पुन्हा पांढरी होते. असं काम फोटोतून अर्धंच कळतं. काळ्यात किती तऱ्हेचे काळे आहेत, बोटानं पुसलेला कुठला आणि कांडी दाबून उमटवलेला कुठला, हे समोर उभं राहिल्याशिवाय दिसत नाही.

आता आजूबाजूला बघा. पाचपुते सुरुवातीला मुंबईच्या क्लार्क हाउस इनिशिएटिव्ह या 2010 साली सुरू झालेल्या जागेशी जोडलेले होते. तिथंच अमोल पाटील आणि योगेश बर्वे भेटतात. पाटील पुढे 2022 साली जर्मनीतल्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात पोचले. क्लार्क हाउस सुरू करणाऱ्या दोघांतल्या झाशा कोला यांनी लुका चेरित्झा यांच्यासोबत 2017चं पुणे बिएनाले (दर दोन वर्षांनी भरवायचं मोठं कलाप्रदर्शन) क्युरेट केलं, तेव्हा त्या बिएनालेतल्या कलाकारांची नावं हा धाग्याचा दुसरा फाटा. पाचपुत्यांचं काम मांडणाऱ्या एक्सपेरिमेंटर या दालनाच्या यादीत विक्रांत भिसे सापडतात, आंबेडकरी चळवळीतली माणसं आणि मोर्चे रंगवणारे. तिथून मन पुण्यात जन्मलेल्या राज्यश्री गुडी यांच्याकडे वळतं. दलित साहित्यातल्या अन्नाच्या उल्लेखांतून त्यांनी पाककृतींच्या पुस्तिका केल्या, मनुस्मृतीच्या पानांचा लगदा करून त्यातून वस्तू घडवल्या. एका नावावरून निघालेला माणूस तासाभरात इथवर येतो, तेही एकाही यादीला हात न लावता.

सगळ्यांना असलं काम रुचेलच असं नाही आणि रुचायलाच हवं असंही नाही. ज्याला जलरंगातला पाऊस आणि घाटातले रस्ते आवडतात त्यानं पुण्याच्याच मिलिंद मुळीक यांच्यापासून निघावं. शहर आणि त्यातली साधी माणसं आवडत असतील तर सुधीर पटवर्धनांपासून. ते 1949 साली पुण्यात जन्मले, इथंच एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डॉक्टर झाले आणि पुढे ठाण्यात क्ष-किरण तज्ज्ञ म्हणून नोकरी करत चित्रं काढत राहिले.

शिल्पकार कमी का दिसतात

कारण शिल्पाला जागा, वजन आणि पैसा लागतो. कॅनव्हास रिक्षात जातो, चार फुटी ब्राँझ जात नाही. ओतकामाचा खर्च शिल्पकाराला विक्रीच्या आधीच करावा लागतो. म्हणून तरुण शिल्पकार शाडू, फायबर, लाकूड, भंगारातलं लोखंड यांत काम करतात, आणि प्रदर्शनात कोपऱ्यातल्या चौथऱ्यावर एखादंच शिल्प असतं.

डोळा तयार करायला शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला वि. पां. करमरकरांचा अश्वारूढ शिवाजी बघावा. 1928 साली उभा राहिलेला, ब्राँझचा, एकसंध ओतलेला पुतळा. बाजूनं फिरत बघा: घोड्याचं वजन कुठल्या पायांवर आहे, मान वळते तिथं खांद्याचे स्नायू कसे ताणलेत. मग शहरातले अलीकडचे पुतळे बघा, फरक कुणी सांगावा लागत नाही. करमरकरांची बाकीची शिल्पं अलिबागजवळ सासवण्याला त्यांच्या घरातल्या संग्रहालयात आहेत.

ब्राँझ आणि ब्राँझसारखा रंगवलेला फायबर ओळखायला बोटाच्या पेरानं टकटक करा, अर्थात विचारून. ब्राँझ खणखणतं आणि हाताला गार लागतं, फायबर बद्द वाजतं. ब्राँझची प्रत असेल तर तळाशी 3/8 असं कोरलेलं असतं: आठ प्रतींतली तिसरी. हा आकडा नसला आणि एकूण प्रती किती हे शिल्पकाराला किंवा दालनाला सांगता येत नसलं, तर किमतीचं बोलणं तिथंच थांबवा. फायबर हलकं म्हणून वाईट, असं मात्र नाही. तुळशीबागेच्या गणपतीची मूर्ती फायबरचीच, डी. एस. खटावकरांनी घडवलेली.

आजच्यांत धातूच्या चकत्या जोडून माणसं-प्राणी उभे करणारे वलय शेंडे, जुनं लाकूड, फर्निचर आणि यंत्रं वापरणारे सुदर्शन शेट्टी, कर्नाटकातले एल. एन. तल्लूर आणि रंजनी शेट्टर यांच्यापासून सुरुवात करता येईल. शेट्टींची पंख लावलेली बस वांद्रे-कुर्ला संकुलात आहे.

मोबाइल कामाला लावा

चित्रकाराच्या पानावर गेलात की वरच्या नऊ चौकटी बघून मत बनवू नका. तीन वर्षं खाली जा. तेच फूल, तोच चेहरा, तोच रंग आजही असेल तर बाजार सापडलाय, शोध थांबलाय. काम बदललंय पण हात ओळखू येतोय, असं असेल तर ते नाव लक्षात ठेवा. त्यानंतर इतरांनी टॅग केलेले फोटो उघडा. तिथं काम खऱ्या उजेडात, खऱ्या आकारात दिसतं आणि शेजारी कुणाची चित्रं होती तेही कळतं. काम चालू असतानाचा एकही फोटो नसेल, आकार कुठेच दिलेला नसेल आणि रोज एक नवं ‘पेंटिंग’ पडत असेल तर ते संगणकानं बनवलेलं असण्याची दाट शक्यता.

परिचयपत्रातले पुरस्कार तपासून घ्या. शुल्क भरलं की प्रमाणपत्र देणारी ‘आंतरराष्ट्रीय’ प्रदर्शनं बोकाळली आहेत. निवड कुणी केली हे संस्थेच्या पानावर सापडत नसेल तर तो पुरस्कार धरू नका. रेसिडेन्सी, म्हणजे एखाद्या संस्थेनं जागा आणि वेळ देऊन काम करायला बोलावणं, ही त्यापेक्षा भक्कम खूण. दिल्लीची खोज, मुंबईची स्पेस 118, पुणे स्टेशनजवळचा टिफा स्टुडिओ अशी नावं दिसली तर त्याच वेळी तिथं आणखी कोण होतं तेही बघा.

भिंतीचा फोटो टाकताना चित्रकाराचं नाव द्या, आणि तो कॅलेंडरवर, टी-शर्टवर छापणार असाल तर परवानगी घ्या. 1957च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचा फोटो प्रसिद्ध करायची सूट आहे, भिंतीवरच्या चित्राला ती नाही.

नोंदवही ठेवा, कागदाची किंवा मोबाइलमधली. नाव, माध्यम, आकार, कुठे-कधी पाहिलं आणि एक ओळ: काय लक्षात राहिलं. पंधरा नावांच्या पुढे जाऊ नका, नवं आलं तर एक जुनं काढा. वर्षभरात ज्याचं एकही काम प्रत्यक्ष बघायला तुम्ही वाट वाकडी केली नाही, ते नाव पहिलं काढायचं.

बाहेर जायचं तर हिवाळा धरा. नोव्हेंबरात महालक्ष्मी रेसकोर्सवर आर्ट मुंबई हा दालनांचा मेळा, डिसेंबरात गोव्याचा सेरेंडिपिटी महोत्सव, जानेवारीत मुंबईच्या दालनांचा गॅलरी वीकेंड, फेब्रुवारीच्या सुमारास मुंबईचा काळा घोडा महोत्सव. आर्ट मुंबईला तिकीट असतं, दालनांत प्रवेश फुकट, काही विकत घ्यायचं नसलं तरी. ज्यांना गर्दी नको त्यांनी पावसाळ्यात जावं. तेव्हा बरीच दालनं नव्या मुलांची सामूहिक प्रदर्शनं लावतात, आणि टेबलामागच्या माणसाला बोलायला वेळही असतो.